मुहूर्ताची भरपाई

"बाय, हात पुढे कर," सदाकाका म्हणाले.

मी दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत मेंदी होती आणि आदल्या दिवसापेक्षा ती आता जास्तच रंगली होती. टेबलापलीकडे मिसेस साटम बसल्या होत्या. जहाजावरच्या प्रवाशांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि मग नजर खाली केली.

"उद्या हिचं लग्न आहे," सदाकाका म्हणाले. "गोव्यात, आमच्या कुलदेवीच्या देवळात. आता तुमच्या मुंबईच्या ऑफिसला हे सांगा. आणि त्यांना विचारा, जेवणाची कूपनं देऊन याची भरपाई होते का."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मागे उभ्या असलेल्या लोकांमध्ये मात्र 'बरोबर, बरोबर' असं सुरू झालं. कुणीतरी माझ्या हातांचा फोटो काढला. मला तेव्हा संकोच वाटला, पण त्याहून जास्त सदाकाकांचा अभिमान वाटला. असा माणूस आपला सासरा होणार, आता आपल्याला कुणी गृहीत धरणार नाही, असं माझ्या मनात आलेलं मला अजून आठवतं.

ही गोष्ट होऊन आता बरीच वर्षं झाली. माझं लग्न सारंग लोटलीकरशी ठरलं होतं. सदाकाका म्हणजे त्याचे वडील, सदानंद लोटलीकर. नोकरी बँकेत केली, पण खरं आयुष्य काढलं ते युनियनच्या कामात. निवृत्तीनंतरही लोक त्यांच्याकडे आपले तंटे घेऊन यायचे आणि ते दुसऱ्याचं काम घरचं समजून करायचे. आमचं घर साधं. अण्णांचं डोंबिवलीत चष्म्याचं दुकान. आई मी कॉलेजात असताना गेली, तेव्हापासून प्रमिलाआत्या आमच्याकडेच राहायला आली.

वऱ्हाड जहाजानं न्यायची कल्पना सदाकाकांची. त्यांचे आजोबा गोव्याहून बोटीनं मुंबईला आले होते, म्हणून आपली सून बोटीनं गावी न्यायची, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. संध्याकाळी मुंबईहून निघायचं आणि सकाळी गोवा. बाकीचे पाहुणे रेल्वेनं थेट पोचणार होते. जहाजावर आम्ही दोन्ही घरची जवळची माणसं आणि गुरुजी, एवढेच होतो. मे महिना होता. पावसाळ्याआधी जहाजाच्या थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या.

निघालो त्या संध्याकाळी सारंग आणि मी वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे होतो. तो मोकळा मोकळा होता. म्हणाला, "खरं सांगू? मला दोनशे माणसांत लग्न नकोच होतं. तू, मी, गुरुजी आणि घरची चार माणसं. झालं." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो हसला आणि म्हणाला, बाबांची एवढी हौस होती. मला ते हसणं आवडलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला. तेव्हा मेंदी नुकतीच सुकलेली होती, तिचे कण त्याच्या शर्टाला लागले.

पहाटे मला जाग आली ती शांततेनं. इंजिनाची घरघर बंद झाली होती. केबिनमधला गार वारा थांबला होता आणि एकच पिवळा दिवा मिणमिणत होता. आमच्या केबिनला खिडकी नव्हती. अण्णा वरच्या बर्थवर उठून बसले होते. आत्या म्हणाली, आलं वाटतं गोवा. पण अण्णा कान देऊन ऐकत होते.

सकाळी स्पीकरवरून सांगण्यात आलं की इंजिनात बिघाड झाला आहे, नांगर टाकलेला आहे, जहाज ओढून न्यायला टग बोलावली आहे, कुणी घाबरू नये. दुपारपर्यंत कळलं की ती टग दुसरीकडे गुंतली आहे. लहान होड्यांतून आम्हाला उतरवावं, तर समुद्राला मोठी लाट होती. पावसाळ्याआधी येते तशी, वरून दिसायला संथ, पण जहाज डाव्या अंगाला कलंडून सावकाश उजव्या अंगाला जायचं. शिडी लावून माणसं उतरवणं धोक्याचं, असं कप्तानाचं म्हणणं होतं.

किनारा समोर दिसत होता, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. तांबड्या डोंगराच्या कडेनं रस्ता गेलेला होता. मधूनच त्यावर एखाद्या गाडीची काच उन्हात चमकायची आणि वळणाआड जायची. लोक कठड्याशी उभे राहून त्या गाड्या बघत बसायचे. खाली केबिनमध्ये उकाड्यानं थांबवत नव्हतं. वर पत्र्यासारखा तापलेला डेक. संडासांना पाणी पुरेना, त्याचा वास जिन्यापर्यंत यायला लागला. फोनला रेंज मागच्या डेकच्या एका कोपऱ्यात कशीबशी यायची. तिथे रांग लागायची आणि एकेक माणूस हात उंच करून उभा राहायचा.

त्या दुपारी कंपनीनं भरपाई म्हणून जेवणाची कूपनं आणि पुढच्या सफरीवर सवलत जाहीर केली. जेवणाच्या हॉलमध्ये लोक आधी हसले आणि मग भडकले. कुणी मिसेस साटमांच्या अंगावर धावून गेलं. तेव्हा सदाकाका खुर्चीवर चढले. त्यांनी सगळ्यांना शांत केलं आणि विचारलं, "आपल्याला भांडायचंय की मिळवायचंय?"

तासाभरात त्यांनी लोकांची कमिटी केली. प्रत्येकाचं काय नुकसान झालं ते बसून ऐकून घेतलं. गोव्यात कार्यक्रमासाठी निघालेले तीन वादक होते, त्यांची त्या रात्रीची सुपारी बुडाली होती. कुणाचं हॉटेल आधीच भरलेलं होतं, कुणाचं परतीचं तिकीट फुकट जाणार होतं. सदाकाकांनी मागणी ठरवली: भाड्याचे पैसे पूर्ण परत आणि प्रत्येकाचं पुढचं नुकसानही कंपनीनं भरून द्यायचं. त्यांच्याइतकं समंजस त्या जहाजावर कुणी नव्हतं. मिसेस साटमांना त्यांनी स्वतः पाणी नेऊन दिलं आणि सांगितलं की तुमच्याशी आमचं वैर नाही, तुम्हीही आमच्यासारख्याच अडकलेल्या आहात.

मग त्यांनी मला हाक मारली आणि हात पुढे करायला लावले.

संध्याकाळी मुंबईच्या ऑफिसशी बोलणं व्हायचं होतं. मिसेस साटमांच्या खोलीत उपग्रहाचा फोन होता. सदाकाका मला बरोबर घेऊन गेले. जाताना जिन्यात थांबून म्हणाले की साहेब फोनवर आला की मी तुला फोन देईन, तू उद्याच्या लग्नाचं सांग, आणि रडू आलं तर आवरू नकोस.

मला वाटलं, मला कसलं रडू येणार? पण पलीकडचा माणूस 'बोला मॅडम' म्हणाला, मी 'उद्या माझं लग्न' एवढंच म्हटलं आणि मला खरंच रडू कोसळलं. आईनं माझ्यासाठी ठेवलेली पिवळी अष्टपुत्री आठवली. ती नेसून गौरीहराशी बसायचं मी किती वर्षं मनात धरलं होतं. मला बोलता येईना. सदाकाकांनी फोन हळूच काढून घेतला, काही न बोलता तसाच धरला आणि माझे हुंदके त्या साहेबाला ऐकू दिले. मग फोन कानाला लावून म्हणाले, "ऐकलंत?"

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "छान झालं," म्हणाले.

मला त्यांना सांगायचं होतं की ते खरं रडणं होतं. पण ते पुढे निघून गेले होते.

नलिनीकाकू, सारंगची आई, निघाल्यापासून बोट लागून केबिनमध्ये पडून होत्या. मी त्यांच्यासाठी लिंबू घेऊन गेले. वर काय चाललंय ते सांगितलं. त्या डोळे मिटूनच ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सारंगच्या वेळी मी दवाखान्यात होते, तेव्हा हे दिल्लीत. वाटाघाटी ऐन रंगात आलेल्या. पाचव्या दिवशी आले. पण त्या वेळी मिळाली तेवढी पगारवाढ नंतर कधी मिळाली नाही. अजून लोक नाव काढतात."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. कौतुक होतं की नाही, तेही मला कळलं नाही. त्यांनी लिंबू नाकाशी धरलं आणि कूस बदलली.

लग्न जहाजावरच लावून टाकू, हे पहिल्यांदा आत्याच्या तोंडून आलं. त्या रात्रीच्या जेवणाला आम्ही दोन्ही घरची माणसं एका टेबलाशी बसलो होतो. टग दुसऱ्या दिवशी सकाळी येईल असं म्हणत होते, पण आली तरी दहा-साडेदहाचा मुहूर्त गाठणं शक्य नव्हतं. आत्या म्हणाली, गुरुजी बरोबर आहेत, अंतरपाट आहे, अक्षता आहेत, मंगळसूत्र आहे. नवरा-नवरी तर आहेतच. मग अडलंय कुठे? गोव्याला पोचल्यावर देवीच्या पाया पडू आणि पाहुण्यांना जेवू घालू.

गुरुजींनी मान डोलावली. अण्णांचा चेहरा त्या दिवसभरात पहिल्यांदा उजळला. शेजारच्या टेबलावरचे ते वादक आपण होऊन म्हणाले, सनई नाही, पण सॅक्सोफोनवर मंगल धून वाजवतो, पैसे नकोत. मी सारंगकडे पाहिलं. तू, मी, गुरुजी आणि घरची माणसं. त्याला हवं होतं तस्संच चालून आलं होतं. तोही माझ्याकडे बघून हसला. तेवढ्या वेळात मी त्या जहाजाचा उकाडा, वास, सगळं विसरले.

बातमी मिसेस साटमांपर्यंत गेली. त्या लगबगीनं आल्या. वेंगुर्ल्याकडच्या होत्या, आमच्याशी मराठीतच बोलायच्या. म्हणाल्या, कप्तानसाहेब वरचा डेक मोकळा करून देतात, वर कापड लावू, कोठीत साखर-रवा आहे, सगळ्यांना शिरा करू. बाई मनापासून बोलत होत्या, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

सदाकाकांनी त्यांचे आभार मानले, कळवतो म्हणाले. त्या गेल्यावर पाण्याचा घोट घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "बघितलंत ना? शिरासुद्धा देतायत. कारण लग्न वेळेवर लागलं की त्यांच्यावरचं ओझं उतरलं."

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. ऑफिसातले लोक आता नरमलेत, ते नवरीमुळे. हातांचा फोटो एका बातम्यांच्या वाहिनीवर लागलाय. उद्या लग्न थाटात लागलं, तर परवा कंपनी त्याच लग्नाचे फोटो छापेल आणि म्हणेल, बघा, आमचे प्रवासी किती आनंदात होते. मग कसली भरपाई आणि कुणाला?

आत्या म्हणाली, नाही मिळाली भरपाई तर नाही मिळाली.

"आपलं सोडा हो," सदाकाका म्हणाले. "आपण खाऊनपिऊन सुखी आहोत. ह्या लोकांचं काय?" त्यांनी वादकांच्या टेबलाकडे नुसती मान वळवली. मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाले, "बाय, त्यांची बुडालेली सुपारी कुणाला दिसत नाही. तुझी मेंदी दिसते. लग्न आठवड्यानं लावू. मुहूर्त आहेत की पुढे."

मी काय बोलणार? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेजारच्या टेबलावर माणसं जेवत होती आणि माझ्या 'हो'-'नाही'वर त्यांचं काही अवलंबून आहे, असं मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. अण्णांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, "सदानंदराव, मला वाटतं लावून टाकावं." सदाकाका म्हणाले, तुमच्या भावना समजतात. आणि विषय तिथेच संपला. अण्णांना वाद घालता येत नाही. दुकानातसुद्धा गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की ते काच पुसत बसतात.

मी सारंगच्या बोलण्याची वाट बघत होते. तो आमटीत भात कालवत होता. जेवण झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं. तो म्हणाला, "बाबांचं बरोबर आहे गं. आणि आठवड्यानं काय बिघडतंय?"

मी म्हटलं, तुला असंच हवं होतं ना?

"हो, पण आता सगळ्यांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. त्यानं माझा हात हातात घेतला. पण तेवढ्यात कुणीतरी त्याला फोनच्या रांगेत नंबर आला म्हणून हाक मारली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाकाका आमच्या केबिनच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. त्यांनी आत्याला सांगितलं की हिला नवरीसारखी तयार करा, मुंडावळ्या बांधा, आणि मुहूर्ताच्या वेळेला हॉलमध्ये आणून बसवा. वाहिनीवाल्यांना व्हिडिओ हवा आहे. आत्या म्हणाली, लग्न नाही आणि मुंडावळ्या कशाला? असं करू नये. त्यांनी हात जोडले. म्हणाले, एवढंच शेवटचं.

आत्यानं मला अष्टपुत्री नेसवली. केबिनमध्ये इतकं उकडत होतं की नेसता नेसताच साडी पाठीला चिकटली. मुंडावळ्या बांधताना ती म्हणाली, तुला नको असेल तर मी सांगते त्यांना. मी म्हटलं, असू दे. माझ्यात नाही म्हणायचं बळच नव्हतं. दार उघडलं तरी समोर तोच कोंदट बोळ, तोच जिना, आणि वर गेलं तरी सगळीकडे पाणी. जायचं कुठे?

हॉलच्या मधोमध एक खुर्ची ठेवली होती. मला तिच्यावर बसवलं. शेजारी दुसरी खुर्ची मुद्दाम मोकळी ठेवली होती. पोर्टहोलमधून पडलेला उन्हाचा गोल कवडसा जहाज हललं की माझ्या पायांवरून सरकत जायचा आणि परत यायचा. समोर पंधरा-वीस फोन रोखलेले. सारंग एका खांबाशी उभा होता, झब्बा घातलेला. मिसेस साटम दारात होत्या. त्यांनी हॉलभर एकदा नजर फिरवली आणि त्या निघून गेल्या.

सदाकाका घड्याळाकडे बघत होते. मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा त्यांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. ती शांतता मी कधी विसरणार नाही. या क्षणाला मंगलाष्टकं संपायची, अंतरपाट बाजूला व्हायचा, डोक्यावर अक्षता पडायच्या. त्या क्षणाला मी एका रिकाम्या खुर्चीशेजारी बसले होते आणि लोक माझं शूटिंग करत होते. मला रडू येईना. सदाकाकांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. मला कळत होतं त्यांना काय हवंय, आणि डोळे तसेच कोरडे राहिले. कोपऱ्यात गुरुजी डोळे मिटून पुटपुटत होते. अण्णा हॉलमध्ये नव्हते. नंतर कळलं, ते तेवढा वेळ मागच्या डेकवर एकटे उभे होते.

दुपारी कंपनीनं सगळं कबूल केलं. भाडं पूर्ण परत, प्रत्येकाचं पुढचं नुकसान, आणि हुकलेल्या लग्नासाठी वेगळी रक्कम. सदाकाकांनी खुर्चीवर चढून ते वाचून दाखवलं तेव्हा हॉल दुमदुमला. वादकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. लोक माझ्यापाशी येऊन माझे आभार मानत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. सदाकाकांचे डोळे भरून आले होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ही माझी सून. जिंकलो ते हिच्यामुळे."

मी हसले असावे. मग साडी तशीच सावरत वर गेले.

थोड्या वेळानं सारंग आला. खुशीत होता. म्हणाला, बाबांनी कमाल केली ना? मी हो म्हटलं. किनाऱ्यावरच्या रस्त्यानं एक लाल एसटी चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

"सकाळी तुला काय वाटत होतं?" मी विचारलं.

"कधी?"

"मुहूर्ताच्या वेळी. तिथे खांबाशी उभा होतास तेव्हा."

त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. तो खोटं बोलणारा नव्हता.

"बाबांनी सांगितलं होतं, कॅमेऱ्यात हसू नकोस," तो म्हणाला. "मी तेवढंच सांभाळत होतो."

तो तारखांबद्दल बोलत राहिला. महिनाअखेरीला एक चांगला मुहूर्त आहे, हॉल मिळतोय का ते मामा बघतोय, आणि या वेळी कंपनीचे पैसे आहेत म्हणून जरा मोठं करू असं बाबा म्हणतात. मी ऐकत होते. मला ते सगळं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. तो हॉल, ती माणसं, सदाकाका माइकवर बोलताहेत, आणि मी त्यांना लागेन तिथे लागेन तशी बसलेली. पुढचं सगळं आयुष्य मला त्या कठड्याशी उभं राहून दिसलं. त्यात कुणी मला मारत नव्हतं, टाकून बोलत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. सगळे माझं कौतुकच करत होते.

मी खाली केबिनमध्ये गेले. अण्णा चष्मा काढून बसले होते.

"अण्णा, मला हे लग्न करायचं नाही."

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. आत्या कपड्यांच्या घड्या करत होती, तिचा हात थांबला. अण्णांनी 'का' विचारलं नाही. लोक काय म्हणतील, खर्च किती झाला, यातलं काही काढलं नाही.

"मी सांगू की तू सांगतेस?" एवढंच म्हणाले.

"मी सांगते."

टग संध्याकाळी आली. आम्हाला जवळच्या एका बंदरात नेऊन उतरवलं. धक्क्यावर पाय ठेवला तरी जमीन हलतेय असं वाटत होतं. लोक सदाकाकांना मिठ्या मारून निरोप घेत होते. नलिनीकाकू एका पेटीवर बसून होत्या. गोव्याला न्यायला बस उभी होती. मी सदाकाका आणि सारंगपाशी गेले आणि सांगितलं की आम्ही तिघं इथूनच डोंबिवलीला परत जातोय आणि लग्न होणार नाही.

सारंगला आधी ते खरंच वाटेना. मग त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, मी काय केलं? आणि मला सांगता येईना. कारण त्यानं खरंच काही केलं नव्हतं. सदाकाका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाय, दमली आहेस. दोन दिवस झोप काढ. मग बोलू." मी त्यांच्या पाया पडले. नलिनीकाकूंच्याही पडले. त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

नंतर पुष्कळ फोन झाले. सारंग दोनदा घरी येऊन गेला. नातेवाइकांनी मला अहंकारी ठरवलं. एवढ्यातेवढ्यावरून लग्न मोडतं का कुणी, मुहूर्त चुकला तर दुसरा मिळतो. मी काहीही सांगितलं तरी ते एवढंसंच वाटायचं. शेवटी मी सांगायचं सोडलं आणि अण्णांच्या दुकानात बसायला लागले.

दिवाळीच्या आधी एका रविवारी सदाकाका आमच्या दारात आले, एकटेच. बरेच वाळले होते. आत्यानं पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून पाकीट काढून अण्णांपुढे ठेवलं. कंपनीनं लग्नाच्या नुकसानीचे पैसे दिले होते, त्यातला निम्मा वाटा तुमचा आहे, म्हणाले. वादकांचे, इतरांचे सगळे पैसे मिळाल्याची खात्री करूनच ते आले होते. अण्णांनी पाकीट घेतलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत हे मला आवडलं. आमचाही खर्च झालाच होता.

चहा झाला. अण्णा आणि आत्या काहीतरी निमित्त काढून आत गेले. सदाकाका खुर्चीच्या कडेला बसले होते. इतकी वर्षं मोठमोठ्या साहेबांसमोर बसलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं.

"मी खूप विचार केला," ते म्हणाले. "कुठे चुकलो ते मला अजून सापडत नाही. कुणाचा एक पैसा बुडू दिला नाही. तुझ्यावर आवाज चढवला नाही. तू नाही म्हणाली असतीस तर मी ऐकलं असतं. का बोलली नाहीस?"

मी म्हटलं, "काका, मला त्या दिवशी लग्न करायचं होतं. इतकं करायचं होतं की ते तुम्हाला दिसतच असेल, असं मी धरून चालले होते."

रस्त्यावरून कंदीलवाला ओरडत गेला. मग ते उठले, दारापाशी गेले, वाकून चपला घातल्या. उभे राहिले आणि म्हणाले,

"मला वाटलं होतं, तू आमच्या बाजूची आहेस."

"होते, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरले.